उताराची वीज

आषाढ आहे. साल 1931. तुम्ही घोटीच्या फलाटावर उभे आहात आणि पाऊस आडवा येतोय. समोरच्या खाचरांत आवणी चालली आहे, चिखलात वाकलेल्या पाठींवर इरली आहेत. कळसूबाई ढगात बुडालेली. मनमाडच्या बाजूने कोळशाच्या इंजिनाची मालगाडी येते, डब्यांत खानदेशचा कापूस. काळात मागे आलेल्या माणसाला तिकीट लागत नाही, तेव्हा सरळ गार्डच्या ब्रेकव्हॅनमध्ये चढा.

वर बघा. तार नाही. घोटीवर विजेची तार यायला अजून साडेतीन दशकांहून अधिक काळ आहे. पण दहा किलोमीटरही न जाता इगतपुरी येते, आणि तिथे रुळांवर तारेचं जाळं सुरू होतं. जीआयपी रेल्वेने मुंबईकडून इथपर्यंत 1500 व्होल्टची डीसी वीज नुकतीच आणली आहे. कोळशाचं इंजिन सुटतं आणि लांब नाकाचं, सांध्यात वळणारं, चाकांना बाहेरून दांडे जोडलेलं एक अजब धूड गाडीला येऊन लागतं. रेल्वेची माणसं त्याला खेकडा म्हणतात. उभं असताना ते कण्हतं, चालू लागलं की दांड्यांची सळसळ ऐकू येते. विंटरथूरच्या स्विस कारखान्याने ते आखलं, आल्प्सच्या चढणींसाठी बनवलेल्या इंजिनांच्या अनुभवावर.

आता घाट. थळघाटाचा हा रुळ 1 जानेवारी 1865 रोजी खुला झाला. इथे 37 फूट पुढे गेलं की 1 फूट खाली. इगतपुरी ते कसारा या साधारण 15 किलोमीटरमध्ये गाडी सुमारे 296 मीटर उतरते. कोळशाच्या काळात हा उतार म्हणजे धास्ती. ब्रेकचे ठोकळे चाकांवर घासून तापत, जळका वास डब्यापर्यंत येई. गाडी हाताबाहेर गेलीच, तर तिला चढावर वळवून थांबवण्यासाठी वेगळा रुळ काढून ठेवलेला असे.

पण आज वास येत नाही. कान द्या. खेकड्याच्या मोटरींनी काम उलटं केलंय. चढताना त्या चाकं फिरवतात, आता चाकं त्यांना फिरवतायत. मोटर जनित्र झाली आहे. तयार होणारी वीज वरच्या तारेत जाते आणि त्याच ओढीने गाडीचा वेग आवरला जातो. तेवढ्यात खालून कसाऱ्याची एक गाडी चढत येते, पुढे इंजिन, मागून ढकलायला बँकर इंजिन. तुमची गाडी उतरता उतरता तिला वर ओढते आहे. दोघींमध्ये दोरखंड नाही, फक्त तांब्याची तार आहे. एरवी हीच वीज कल्याणजवळच्या चोळा पॉवर हाऊसमध्ये कोळसा जाळून करावी लागते.

मला या क्षणाचं फार अप्रूप वाटतं. बॅटरीवर धावणाऱ्या ज्या संकरित गाड्यांची आज चर्चा होते, त्यांचं मूळ तत्त्व घोटीपासून हाकेच्या अंतरावर तेव्हाच रोज वापरात होतं. त्यात एकच उणीव होती. उतरणारीची वीज घ्यायला त्याच मिनिटाला तारेवर कोणी चढणारी हवी. साठवायची सोय नव्हती.

पुढे चला, भराभर. 1960च्या दशकाच्या अखेरीस इगतपुरीच्या पुढे भुसावळपर्यंत तार आली, पण ती 25,000 व्होल्टची एसी. घोटीवरून कोळशाचा धूर गेला, इगतपुरीतला थांबा मात्र राहिला. डीसीचं इंजिन काढा, एसीचं लावा. तुम्ही खिडकीतून वडा आणि चहा घेता आणि तो संपेपर्यंत गाडी हलत नाही. 1990च्या दशकात भेल कंपनीने दोन्ही विजांवर चालणारी डब्ल्यूसीएएम-3 इंजिनं दिली. इंजिन न बदलता वीज बदलायची, प्रवाशाला पत्ताही नाही. एकाच यंत्राने दोन स्रोतांवर जगायचं, हा संकरित गाडीचा दुसरा धडा या मार्गाने असा गिरवला. 2015 पर्यंत मुख्य मार्गावरची डीसी संपली आणि त्या इंजिनांचं वैशिष्ट्यही संपलं.

उताराची वीज गाडीतच साठवायची सोय कुठे झाली, ते बघायला आता थोडं दूर जाऊ. 31 जुलै 2007, जपान, कोबुचिझावा स्टेशन. इथून निघणारी कोउमी लाइन 1,375 मीटरपर्यंत चढते. जपानच्या जेआर गाड्या याहून उंच कुठेच जात नाहीत. रुळांवर तार नाही. तुमच्यासमोर एकच डबा उभा आहे, किहा ई200. डिझेलची गाडी असूनही फलाटावर घरघर नाही, धूर नाही. दार लागतं आणि डबा निमूट सरकतो. ताशी 30 किलोमीटरच्या आसपास वेग आला, की मग पायाखाली इंजिन जागं होतं.

या इंजिनाचा चाकाशी थेट संबंध नाही. ते फक्त जनित्र फिरवतं. चाकांना मोटर फिरवते आणि मोटरला वीज मिळते जनित्राकडून, छपरावरच्या लिथियम बॅटरीकडून किंवा दोघांकडून मिळून. चढावर दोघं जोर लावतात. पुढचं स्टेशन आलं की मोटर जनित्र होते, थेट आपल्या खेकड्यासारखी, आणि थांबण्यातली ताकद बॅटरीत जाते. स्टेशनवर इंजिन बंद. प्रवासी घेऊन नियमित धावणारी अशी संकरित डिझेल गाडी जगात पहिल्यांदा इथेच सुरू झाली. नोबेयामाच्या पठारावरची भाजीची शेतं मागे पडतात आणि मग उतार लागतो. बॅटरी भरत जाते. ती साधारण 15 युनिटची आहे, म्हणून लांब उतारावर ती वाटेतच भरते. पुढची वीज जनित्राला उलट मोटरसारखं चालवून इंजिन फिरवण्यात घालवली जाते, म्हणजे वेग आवरतो आणि ब्रेक तापत नाहीत.

हाच डबा थळघाटात आणला तर? हिशोब सोपा आहे. 40 टनांचा डबा 296 मीटर उतरला, तर सुमारे 32 युनिट ऊर्जा सुटते. घर्षणात काही गेली, तरी ती 15 युनिटची बॅटरी कसारा यायच्या आत भरलेली असेल. बारा डब्यांची भरलेली लोकल 600 टनांची धरा, तर एका खेपेत 480 युनिट. आपला घाट इतका दांडगा आहे.

जपानी कंपनीने इंधनाची बचत सांगितली ती सुमारे एक दशांश. कोणी म्हणेल, एवढंच? पण शांत फलाट, स्टेशनात नसलेला धूर आणि तार नसलेल्या मार्गावरही आखूड गाडी वारंवार सोडायची सोय, या गोष्टी इंधनाच्या आकड्यात येत नाहीत. रोज ये-जा करणाऱ्याला त्यांचंच मोल जास्त.

आपल्याकडे अशा संकरित गाडीची जागा कुठे होती, तेही बघून घ्या. 23 सप्टेंबर 2022 रोजी अहमदनगर ते आष्टी ही नवी गाडी निघाली. मराठवाड्यातल्या त्या तालुक्याने पिढ्यान् पिढ्या वाट पाहिलेली रेल्वे, आणि तार नसल्याने धावली ती डिझेलची डेमू. मोजकी स्टेशनं, मोजके प्रवासी, मोकळा रुळ. संकरित गाडी शोभावी अशी हीच जागा होती. उलट पुणे–दौंड मार्गावर डोक्यावर तार असताना डिझेलची डेमू धावली, ते मला आजही पटत नाही.

आता घोटीला परत या. साल आजचं. इंद्रायणीचं भात येणारा बाजार तोच, डोंगरही तेच. शेजारून समृद्धी महामार्ग गेलाय, इगतपुरीच्या डोंगरातून जवळपास 8 किलोमीटरचा बोगदा काढून मोटारी थेट मुंबईच्या दिशेने जातात. आणि फलाटावर? 2022 मध्ये जुन्या पॅसेंजरच्या जागी विजेवरची भुसावळ–इगतपुरी मेमू आली. दोन्ही टोकांना इंजिन नको, वेग पटकन घेते, चांगली गाडी आहे. पण ती इगतपुरीला संपते आणि मुंबईची लोकल कसाऱ्याला. मधला घाट ज्याचा त्याने पार करायचा. कॉलेजला, कामाला, रुग्णालयात निघालेल्या माणसाचा दिवस याच 15 किलोमीटरमध्ये अडकतो.

कारण खोटं नाही. 37 ला 1 च्या चढावर साधी लोकल चालवता येत नाही, ब्रेक आणि ताकद दोन्ही वेगळी लागते. 2019 मध्ये कल्याण–नाशिक लोकलसाठी खास ब्रेकचा रेक तयार होऊन आला होता. घोटीला लोकल अजून आलेली नाही.

म्हणून घोटीकरांनी डिझेल-बॅटरीची गाडी मागू नये, डोक्यावर तार असताना ती मागे जाणं ठरेल. मागावी ती कसारा ते नाशिक रोड अशी आखूड, घाटासाठीच बांधलेली मेमू. प्रत्येक डब्याला भक्कम ब्रेक, उतरताना वीज तारेला परत देणारी मोटर आणि तार बंद पडली तरी गाडी सुखरूप पुढच्या स्टेशनात नेईल एवढी बॅटरी. यातलं एकही तंत्र आता नवं नाही. कसाऱ्याला येणाऱ्या सकाळ-संध्याकाळच्या लोकलशी तिची वेळ जुळवावी, म्हणजे घोटीचा माणूस फलाट बदलून पुढे जाईल. तुम्ही या मार्गावर रोज जात असाल, तर पुढच्या प्रवासी सल्लागार समितीसमोर आणि खासदारांसमोर मागणी इतकी नेमकी ठेवा: कोणती गाडी, कुठून कुठे, किती वाजता.