विक्रमी रोलर कोस्टर, आणि शेवटी स्फोटकं

२८ फेब्रुवारी २०२५ ची सकाळ. अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या सिक्स फ्लॅग्ज पार्कमध्ये धमाके झाले आणि १३९ मीटर उंचीचा पोलादी मनोरा काही सेकंदांत जमिनीवर आडवा झाला. नाव होतं ‘किंगडा का’. त्याच्याहून उंच रोलर कोस्टर तोवर जगात कुठे बांधलाच गेला नव्हता. मग पाडला का?

गोष्ट सुरू होते २००३ मध्ये. ओहायोच्या सीडर पॉइंट पार्कने १२८ मीटरचा ‘टॉप थ्रिल ड्रॅगस्टर’ उभारला. दोनच वर्षांत, मे २००५ मध्ये, दुसऱ्या कंपनीच्या या पार्कने ‘किंगडा का’ आणून उंची आणि वेग दोन्ही विक्रम मोडले. दोन्ही बनवणारी कंपनी मात्र एकच, इंटामिन!

साधा कोस्टर साखळीने हळूहळू वर चढतो. इथे साखळीच नव्हती. तेलाच्या दाबावर चालणाऱ्या मोटारी एका मोठ्या ड्रमवर पोलादी दोर गुंडाळायच्या, आणि गाडी साडेतीन सेकंदांत ताशी २०६ किमीवर जायची. पुढची सगळी चढण त्याच वेगाच्या जोरावर. जोर जरा कमी पडला की गाडी माथ्याखालूनच मागे यायची. लोकांना त्यातही मजा वाटायची, कारण मागे येणारी गाडी ब्रेक बरोबर थांबवायचे.

पण या जोराची किंमत यंत्रणा मोजत होती. उद्घाटनानंतर महिन्याभरातच बिघाड झाला आणि राइड ऑगस्टपर्यंत बंद राहिली. पुढेही वारा, पाऊस, दुरुस्ती, काही ना काही चालूच. वेगाचा विक्रम २०१० मध्ये अबू धाबीने नेला.

तिकडे ओहायोत ऑगस्ट २०२१ मध्ये ड्रॅगस्टरच्या गाडीचा धातूचा तुकडा उडाला आणि रांगेत उभ्या असलेल्या एका महिलेच्या डोक्याला गंभीर इजा झाली. राइडमध्ये बसलेलीही नव्हती ती! तो कोस्टर जुन्या रूपात परत सुरू झालाच नाही. २०२४ मध्ये चुंबकीय यंत्रणा बसवून नव्या नावाने उघडला, तर आठवड्याभरात पुन्हा बंद. परत सुरू व्हायला २०२५ उजाडलं.

२०२४ मध्ये दोन्ही कंपन्या एक झाल्या. त्याच नोव्हेंबरात ‘किंगडा का’ची शेवटची फेरी झाली. ती शेवटची आहे, हे पार्कने चार दिवसांनी जाहीर केलं. वीस हंगाम चाललेल्या राइडला साधा निरोपही नाही. आणि त्याच घोषणेत काय? अनेक विश्वविक्रम मोडणारा नवा कोस्टर येतोय म्हणे!

मंडळी, विक्रम उद्घाटनाच्या एका दिवशी होतो, देखभाल मात्र रोज करावी लागते. फीत कापायला गर्दी होते. दोर, ब्रेक आणि नटबोल्ट तपासणाऱ्याचा फोटो कोणी काढत नाही. कुठेही ‘जगातलं सर्वात उंच’ अशी घोषणा ऐकलीत, तर टाळ्या जरूर वाजवा. पण एक प्रश्नही विचारा: वीस वर्षं हे सांभाळणार कोण?