आपलीच जागा, आपलंच फाटक



जागा आपली, पैसा आपला, फाटकही आपलंच. मग ते आठ-दहा फुटांनी रुंद करायला कुणाला कशाला विचारायचं? हा प्रश्न कुणाच्याही तोंडून सहज निघेल. माझ्या भाच्याच्या तोंडूनही निघाला. फरक इतकाच की त्याची जागा अमेरिकेत आहे, ओहायो राज्यात, क्लीव्हलंडजवळच्या एका उपनगरात. तिथे त्याचा धातूचे सुटे भाग बनवण्याचा छोटा कारखाना आहे. कारखान्याच्या आवारातून रस्त्यावर येणारी जी पक्की वाट, तिला तिकडे ड्राइव्हवे म्हणतात. ती त्याला रुंद करायची होती, आणि त्यासाठी गावच्या मंडळापुढे अर्ज घेऊन उभं राहावं लागणार होतं. त्या उन्हाळ्यात मी त्याच्याकडेच राहायला गेले होते, त्यामुळे घरात सकाळ-संध्याकाळ हाच विषय.

जन्मभर इतिहास-भूगोल शिकवल्यामुळे मला एक खोड लागली आहे. नियम दिसला की तो कुठून आला हे शोधल्याशिवाय चैन पडत नाही. शोधत गेले तर मौज अशी निघाली की या नियमाचं गाव भाच्याच्या घरापासून मोटारीने अर्ध्या तासावर होतं. गावाचं नाव युक्लिड. हो, आपला भूमितीवालाच! अठराव्या शतकाच्या शेवटी त्या भागाची मोजणी करणाऱ्या सर्व्हेअर मंडळींनी आपल्या विद्येच्या गुरूचं नाव गावाला दिलं. पुढे जमिनीच्या चतुःसीमांवरून देश गाजवणारा खटला त्याच गावातून निघावा, याला योगायोग म्हणायचं, दुसरं काय!

पण आधी थोडं मागे जाऊ. कारखाने एका बाजूला, घरं दुसऱ्या बाजूला, असे शहराचे पट्टे आखून त्यांचे नियम ठरवायचे, याला झोनिंग म्हणतात. ही कल्पना जर्मनीत रुजली. फ्रँकफुर्टचे महापौर फ्रान्झ आडिकेस यांनी १८९१ मध्ये आपल्या शहराला असे नियम लावले. अमेरिकेत लॉस एंजेलिसने विसाव्या शतकाच्या आरंभी घरांच्या वस्तीत काही उद्योगांना बंदी घातली. तिथल्या एका वीटभट्टीवाल्याची गोष्ट मला विसरता येत नाही. त्याने जागा घेतली तेव्हा ती शहराबाहेर होती. शहर वाढत वाढत भट्टीभोवती आलं आणि मग लोक म्हणाले, धुराचा त्रास होतो, बंद करा. विटांसाठी ती जमीन ८ लाख डॉलरची, इतर कामाला जेमतेम ६० हजारांची, असं त्याचं म्हणणं होतं. १९१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला तो त्याच्या विरुद्ध. आधी कोण आलं, हा प्रश्न तिथे कामाला आला नाही.

त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये इक्विटेबल बिल्डिंग उभी राहिली. एक एकराहूनही कमी जागेवर सुमारे १२ लाख चौरस फुटांचं बांधकाम! शेजारच्या इमारती तिच्या सावलीत गेल्या. तिकडे फिफ्थ अॅव्हेन्यूच्या पेढीवाल्यांची वेगळीच तक्रार होती. शिवणकामाचे कारखाने सरकत सरकत त्यांच्या उंची दुकानांपर्यंत आले होते. या दोन्हींच्या रेट्याने २५ जुलै १९१६ ला न्यूयॉर्कने सगळ्या शहराला लागू होणारे झोनिंगचे नियम केले. एडवर्ड बॅसेट हे वकील त्यामागे होते. त्यांनी नियमांच्या जोडीला एक अपील मंडळही ठेवलं. नियम सर्वांना सारखा असला तरी जमिनीचे तुकडे सारखे नसतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. प्रेशर कुकरला जशी शिट्टी, तसं हे मंडळ. भाच्याचा अर्ज ज्या मंडळापुढे गेला, ते याच वंशातलं.

आता युक्लिडकडे येऊ. १३ नोव्हेंबर १९२२ ला या लहानशा गावाने झोनिंगचा नियम केला. वापराचे सहा वर्ग, उंचीचे तीन, क्षेत्राचे चार. अँबलर रिअॅल्टी नावाच्या कंपनीची तिथे ६८ एकर जमीन होती, एका बाजूला मोठा रस्ता, दुसऱ्या बाजूला रेल्वे. आज ना उद्या कारखाने येतील म्हणून कंपनी ती धरून बसलेली. नियम झाला आणि तिच्या बऱ्याच भागावर कारखान्याला बंदी आली. कंपनी म्हणाली, कारखान्यासाठी एकरी १० हजार डॉलर मिळाले असते, घरांसाठी अडीच हजार मिळतील, हे आमची जमीन काढून घेण्यासारखंच आहे. कंपनीचे वकील न्यूटन बेकर, क्लीव्हलंडचे माजी महापौर आणि पहिल्या महायुद्धातले अमेरिकेचे युद्धमंत्री. गावाच्या बाजूने जेम्स मेट्झेनबॉम.

खालच्या न्यायालयात १९२४ मध्ये न्यायाधीश वेस्टेनहेव्हर यांनी कंपनीच्या बाजूने निकाल दिला. त्यात त्यांनी एक फार मोलाची गोष्ट लिहून ठेवली. या नियमांचा खरा परिणाम म्हणजे माणसांची त्यांच्या मिळकतीप्रमाणे वेगवेगळ्या वस्त्यांत वाटणी होणं, असं त्यांचं म्हणणं होतं. ते वाचून मी थबकले. वर्णावरून कुणी कुठे राहायचं हे ठरवणारा लुइव्हिल शहराचा नियम सर्वोच्च न्यायालयाने १९१७ मध्येच रद्द केला होता. जे वर्णाच्या नावाने करता येत नव्हतं, ते प्लॉटच्या आकाराच्या आणि घरांच्या प्रकाराच्या नावाने पुढे कितीतरी गावांनी करून घेतलं. एका घराला अमुक इतकी जागा हवीच, असा नियम केला की गरीब आपोआप गावाबाहेर राहतो. पाटी लावावी लागत नाही. गावकुसाचा इतिहास ज्या देशात शिकवायचा, तिथल्या शिक्षिकेला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९२६ ला ६ विरुद्ध ३ मतांनी गावाच्या बाजूने निकाल दिला. निकालपत्र न्यायमूर्ती सदरलँड यांचं. त्यातलं एक उदाहरण अजून सांगितलं जातं. डुक्कर गोठ्यात असलं तर काही बिघडत नाही, दिवाणखान्यात आलं की उपद्रव. म्हणजे वस्तू वाईट नसते, ठिकाण चुकतं. पटण्यासारखं आहे. पण त्याच निकालपत्रात त्यांनी स्वतंत्र घरांच्या वस्तीत येणाऱ्या भाड्याच्या इमारतींना बांडगूळ ठरवलं, तेही विसरू नये. बांडगूळ म्हणजे शेवटी त्या इमारतीत राहणारी माणसंच की!

दोनच वर्षांनी, १९२८ मध्ये, मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज शहराचा एक खटला याच सदरलँड यांच्यापुढे आला. तिथे त्यांनी निकाल जमीनमालकाच्या बाजूने दिला. पट्टे आखणं योग्य असलं तरी या विशिष्ट तुकड्यावर रेघ ओढून गावाचं काहीच भलं होत नाही, असं ते म्हणाले. नियम बरोबर असू शकतो आणि तरीही एखाद्यावर त्याने अन्याय होऊ शकतो. माझ्या मते झोनिंगच्या शंभर वर्षांचं सार या दोन निकालांच्या मध्ये आहे.

आता भाच्याच्या फाटकाची अडचण काय होती ते सांगते. त्याचा कारखाना १९६० च्या दशकात बांधलेला. त्या काळी मालवाहू ट्रेलर साधारण ४० फूट लांब असत आणि कायद्याने रुंदीची मर्यादा ८ फुटांची. १९८२ मध्ये केंद्राच्या नव्या कायद्याने मोठ्या महामार्गांवर साडेआठ फूट रुंद आणि ४८ फूट लांब ट्रेलरना वाट मोकळी करून दिली. पुढे ५३ फुटी ट्रेलर सर्रास झाले. लांब गाडी वळते तेव्हा मागची चाकं पुढच्या चाकांच्या मागून सरळ येत नाहीत, आतल्या बाजूने कापत येतात. घाटात एस.टी. वळताना मागचं चाक कठड्याला चाटून जातं, ते आपण सर्वांनी श्वास रोखून पाहिलेलं आहे. इथे फाटकाची वाट २४ फूट, गावच्या नियमाने त्याहून रुंद करता येत नाही. त्यामुळे ट्रेलर आत घ्यायला चालकाला समोरच्या बाजूच्या वाहतुकीत जावं लागे, आणि तरी मागचं चाक पदपथावर चढे. त्याच्या मोठ्या गिऱ्हाइकाने सांगून टाकलं होतं की माल लहान गाड्यांनी पाठवणार नाही. कारखान्यात अठरा माणसं. भाच्याला ४० फूट हवे होते.

"मावशी, रस्ता मोठा केला सरकारने, गाड्या मोठ्या केल्या सरकारने, आणि फाटक मोठं करायला मात्र मी हात जोडायचे?" तो म्हणाला. त्याचं चुकत नव्हतं. ज्यांनी २४ फूट लिहिले त्यांच्या डोळ्यांपुढे त्यांच्या काळातली गाडी होती.

पण नियमाची दुसरी बाजूही होती. फाटक जितकं रुंद, तितकं पायी जाणाऱ्याला गाड्यांच्या वाटेत जास्त चालावं लागतं. शिवाय जितकी जमीन फरसबंद, तितकं पावसाचं पाणी मुरायचं थांबतं आणि गटारांतून ईरी सरोवराकडे धावतं. कायद्याची वाटही ठरलेली होती. ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये मिडलफिल्ड गावाच्या खटल्यात अशा सवलतीसाठी काय तपासायचं ते सांगून ठेवलं आहे. मागितलेली सूट किती मोठी आहे? शेजाराचं रूप बदलेल का? जागा घेताना नियम माहीत होता का? दुसऱ्या मार्गाने अडचण सुटेल का? एकूण न्याय होईल का? पोरांना निबंधाला मुद्दे द्यावेत तसे हे मुद्दे. सगळ्यांचा मिळून विचार करायचा, एकावर निकाल लावायचा नाही.

आजूबाजूच्या घरांना आधी नोटिसा गेल्या. सभेला मीही गेले. साधी खोली, पाच माणसं टेबलामागे, गावातलीच. समोरच्या घरातल्या एक आजीबाई उठल्या. त्या म्हणाल्या, कारखान्याशी माझं वैर नाही, माझे यजमान अशाच कारखान्यात राबले. पण माझी नातवंडं सकाळी याच फाटकासमोरून शाळेच्या बसला जातात. चाळीस फूट म्हणजे त्यांच्या पायांना फार लांब.

खोली गप्प झाली. भाच्याकडे नकाशे होते, गाडीच्या वळणाच्या आकृत्या होत्या. मंडळातल्या एकाने त्याला विचारलं, मागच्या बाजूने दुसरं फाटक काढता येईल का? तिथे रेल्वेची हद्द होती, येत नव्हतं. दुसऱ्याने विचारलं, सगळी रुंदी कशाला, फक्त वळणाचे कोपरे गोल केले तर? भाच्याच्या इंजिनिअरने तिथेच आकडेमोड केली. शेवटी ठरलं ते असं: वाट ३२ फूट, कोपरे जास्त गोलाईचे, शाळेच्या बसच्या वेळेत ट्रेलर आत-बाहेर नाही, आणि जेवढी फरशी वाढेल तेवढ्या पाण्यासाठी आवारात झाडांचा खोलगट वाफा. बाहेर पडताना भाचा कुरकुरत होता. आजीबाईही फार खूष दिसल्या नाहीत. दोघांनाही थोडं थोडं कमी मिळालं होतं आणि दोघांचंही ऐकून घेतलं गेलं होतं.

आपल्याकडेही हे सगळं आहे बरं का! मुंबई इलाख्याचा नगररचना कायदा १९१५ चा, म्हणजे न्यूयॉर्कच्या नियमांहून एक वर्षाने थोरला, आणि भारतातला अशा प्रकारचा पहिला. १ ऑगस्ट १९६२ ला महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे आपली एमआयडीसी, स्थापन झालं. ठाण्याची वागळे इस्टेट तिच्या सुरुवातीच्या वसाहतींपैकी. १९६६ च्या प्रादेशिक नियोजन आणि नगररचना कायद्याने विकास आराखड्यावर लोकांच्या हरकती आणि सूचना मागवणं बंधनकारक केलं. त्या नोटिसा वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत येतात. सर्व्हे नंबर, गट नंबर, आणि भाषा अशी की मराठीची पदवी घेतलेल्या मलाही दोनदा वाचावी लागते. आपण पान उलटतो. मुदत संपते. मग एक दिवस दारासमोर खडीचा ढीग पडतो आणि आपण म्हणतो, आम्हाला कुणी विचारलंच नाही.

नियम करणारे सगळे शहाणे नसतात आणि सवलत मागणारे सगळे लबाड नसतात. वेस्टेनहेव्हर यांनी दाखवलेला धोकाही खराच आहे: ज्याला बोलता येतं, ज्याला सभेला यायला सवड आहे, त्याचंच ऐकलं जातं. रोजंदारीवरची बाई दुपारी तीनच्या सुनावणीला कशी येणार? म्हणून ज्यांना सवड आहे त्यांनी, निदान माझ्यासारख्या पेन्शनरांनी, ते आतलं पान वाचावं असं मला वाटतं. चष्मा पुसून, सर्व्हे नंबर ताडून. शेजारच्या भाजीवालीची जागा त्यात आली असेल तर तिला जाऊन सांगावं आणि अर्ज लिहून द्यावा. आपल्याला लिहिता येतं, एवढं भांडवल पुरे आहे.

असो. लेख लांबला. तुमच्या गावाच्या आराखड्याची नोटीस शेवटची कधी वाचलीत, ते मला जरूर कळवा.