श्रीरामपूरचें सामाईक खातें व इ. स. १८१२ ची आग

विल्यम कॅरी याच्या मराठी कोशाची इ. स. १८१० ची प्रत ज्यांच्या संग्रहीं असेल, त्यांनीं तींतील मोडी खिळ्यांकडे कौतुकानें पाहिलें असेलच. मराठी मुद्रणाचा आरंभ सांगतांना या कोशाचा व त्यापूर्वींच्या व्याकरणाचा (१८०५) उल्लेख सर्वजण करतात. परंतु हीं पुस्तकें ज्या घरांत सिद्ध झालीं, त्या घराचा जमाखर्च कसा चाले हें सहसा कोणी विचारीत नाहीं. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे. (हें श्रीरामपूर महाराष्ट्रांतील नव्हे, कलकत्त्याच्या उत्तरेस हुगळीच्या पश्चिम तीरावर असलेलें व त्या काळीं डेन्मार्कच्या अमलाखालीं असलेलें गांव तें हें.)

कॅरी हा मूळचा जोडे शिवणारा. तो १७९३ सालीं बंगाल्यांत आला, कांहीं वर्षें मदनावती येथील निळीच्या कारखान्यावर राहिला, आणि १० जानेवारी १८०० रोजीं श्रीरामपुरास येऊन मार्शमन व वॉर्ड यांस मिळाला. मार्शमन शाळामास्तर, वॉर्ड मुद्रक. आल्यावर थोड्याच दिवसांत सर्व कुटुंबांनीं असें ठरविलें कीं, जेवण एका पंगतीस व्हावें, मिळकत एका थैलींत पडावी, स्वतःच्या नफ्याकरितां कोणीं व्यापार करूं नये, आणि दर शनिवारीं सायंकाळीं एकत्र बसून आठवड्याचीं भांडणें मिटवावीं. पुढें ऑक्टोबर १८०५ मध्यें हे नियम विस्तारानें लिहून काढण्यांत आले. आपला वेळ, शक्ति, कुटुंब, फार काय अंगावरचीं वस्त्रें देखील आपलीं मानूं नयेत, असा त्यांचा आशय आहे. हा लेख वर्षांतून तीन वेळां सर्वांसमोर वाचावा असेंही ठरलें.

शनिवारचें कलम मला विशेष महत्त्वाचें वाटतें. मीं कित्येक वर्षें विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाची खाणावळ सांभाळली आहे. एका चुलीवर जेवणाऱ्यांचीं भांडणें मोठ्या तत्त्वांवरून होत नसतात, तीं तुपाच्या वाटीवरून होतात. हें ज्यांनीं पहिल्याच महिन्यांत ओळखलें, त्यांचा त्याग केवळ प्रवचनांतला नव्हता असें मानण्यास हरकत नाहीं.

आतां आंकडे पाहूं. फोर्ट विल्यम कॉलेजांत १८०१ मध्यें कॅरीची नेमणूक दरमहा ५०० रुपयांवर झाली. १८०७ मध्यें तो प्राध्यापक झाला व पगार १,००० रुपये झाला. बंगाली, संस्कृत व मराठी या तिन्ही भाषा त्याजकडे होत्या. या रकमेंतून त्याच्या कुटुंबाकडे ४० रुपये येत. कॉलेजांत व गव्हर्नर जनरलच्या वाड्यावर नीटनेटक्या पोशाखानें जातां यावें म्हणून आणखी २० रुपये मिळत. मार्शमन पतिपत्नींच्या शाळेचें उत्पन्नही मोठें होतें. त्यांनीं आपणांकरितां ३४ रुपये ठेविले. बाकीचें सर्व कागद, खिळे, पंडितांचे पगार यांत जाई. १८०४ सालीं या छापखान्यांतून नागरी लिपींत निघालेला संस्कृत हितोपदेश, किंवा १८०६ पासून निघालेले वाल्मीकिरामायणाचे तीन खंड, हे कोठल्याही राजाच्या आश्रयापेक्षां या खात्याचेच अधिक ऋणी आहेत.

आमच्या शास्त्रांतील संन्यासी घर सोडून जातो. येथें घर सोडलेलें नाहीं. घरांत राहून, नोकरी करून, मिळकत मात्र सोडली आहे. क्रूस उचलण्याचा उपदेश मत्तय, मार्क व लूक या तिघांच्याही शुभवर्तमानांत आहे, परंतु ‘रोज’ या अर्थाचें पद एकट्या लूकमध्यें (९.२३) आढळतें. श्रीरामपूरकरांचें आचरण पाहतां त्यांनीं हा लूकचाच पाठ स्वीकारला होता असें म्हणावें लागतें. पाठभेदांचें महत्त्व जाणणाऱ्या वाचकांस हें निराळें सांगावयास नको.

या व्रताची कसोटी ११ मार्च १८१२ च्या रात्रीं लागली. सायंकाळीं छापखान्यांत आग दिसली. वॉर्डनें दारें-खिडक्या बंद करून ती कोंडण्याचा यत्न केला. पण कोणीं तरी खिडकी उघडली आणि वारा आंत शिरला. चौदा भाषांचे खिळे वितळले, बाराशें रीम कागद जळाला; नुकसान सत्तर हजार रुपयांच्या घरांत गेलें. परंतु खरी हानि हस्तलिखितांची. संस्कृतास मूळ धरून रचलेला कॅरीचा बहुभाषिक कोश, तेलुगू व पंजाबी व्याकरणांचे मसुदे, रामायणाचें पुढील भाषांतर, यांची राख झाली. कॅरी त्या वेळीं कलकत्त्यास होता. दुसऱ्या दिवशीं सकाळीं मार्शमननें जाऊन त्यास बातमी सांगितली.

ढिगाऱ्याखालीं पोलादी ठसे व साचे शाबूत सांपडले. वितळलेल्या धातूचेच पुन्हां खिळे ओतण्यास प्रारंभ झाला. पंजाबी व्याकरण त्याच वर्षीं बाहेर पडलें, तेलुगू १८१४ मध्यें. मराठी सिंहासनबत्तिशी (१८१४) व हितोपदेश (१८१५) हीं आगीनंतरचींच. बहुभाषिक कोश मात्र कधींच प्रसिद्ध झाला नाहीं, व रामायण तीन खंडांवरच थांबलें.

येथवर जमेची बाजू झाली. खर्चाची बाजू लिहिल्यावांचून हा हिशेब पुरा होत नाहीं. कॅरीची पहिली पत्नी डोरोथी हिची हिंदुस्थानांत येण्याची इच्छा नव्हती. आग्रहानें तिला आणलें. १७९४ त पांच वर्षांचा पीटर मदनावतीस वारला. पुढच्या वर्षापासून तिच्या बुद्धीला भ्रंश झाला, आणि १८०७ च्या डिसेंबरांत मृत्यु येईपर्यंत पुष्कळ काळ तिला खोलींत बंद ठेवावें लागलें. तिनें कसलाच करार केला नव्हता. दुसऱ्यानें घेतलेल्या व्रताचें पारणें तिच्या वांट्यास कधीं आलें नाहीं. चरित्रकार हें प्रकरण दोन ओळींत उरकतात. मला तें उरकतां येत नाहीं.

दुसरी नोंद पंडितांची. कॉलेजांतील मराठीचे पंडित वैजनाथ शर्मा हे कॅरीचे प्रमुख साहाय्यक होते, व ज्यांनीं बंगाली खिळे घडविले त्या पंचानन कर्मकारांच्या हातांवर छापखाना उभा राहिला. हे पगारी लोक. त्यांनीं वेतन घेतलें व काम केलें. तथापि आपल्या ग्रंथसूचींत कॅरीच्या नांवापुढें वैजनाथांचें नांव घालण्याची रीति आतां तरी पडावी.

इंग्लंडांतील सोसायटीशीं श्रीरामपूरच्या मालमत्तेसंबंधीं वाद होऊन १८२७ मध्यें संबंध तुटला. ज्यांनीं आपल्यापाशीं कांहीं ठेविलें नव्हतें, त्यांच्यावरच संपत्ति दडविल्याचा संशय आला. ९ जून १८३४ रोजीं कॅरी वारला. मृत्युपत्रांत त्यानें श्रीरामपूरच्या जागेवर आपला कसलाही हक्क नसल्याचें लिहिलें आहे. जेबेझ या मुलास पंधराशें रुपये द्यावयाचे होते, आणि रोकड शिल्लक नव्हती. म्हणून पत्नीनें हवीं तीं इंग्रजी पुस्तकें निवडून घेतल्यावर उरलेला ग्रंथसंग्रह विकून ती रक्कम उभी करावी, असें त्यानें सांगितलें होतें.