मुलाखतीचे दार बंद झाले तेव्हा

गुन्हेगारीशास्त्रातले क्षेत्रकार्य म्हणजे विद्यार्थ्याने आठवड्यातले ठरावीक दिवस तुरुंग, निरीक्षणगृह, न्यायालय किंवा परिवीक्षा अधिकाऱ्याच्या कचेरीत जाऊन काम शिकणे. भारतात ही पद्धत प्रथम रुजली ती समाजकार्याच्या शिक्षणातून. 1936 साली मुंबईच्या नागपाड्यात सर दोराबजी टाटा यांच्या नावाची समाजकार्याची शाळा निघाली. तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. सागर विद्यापीठात गुन्हेगारीशास्त्राचा विभाग 1959 साली आला. 1990 मध्ये टाटा संस्थेने ‘प्रयास’ हा प्रकल्प सुरू केला आणि कच्च्या कैद्यांसोबतचे काम शिक्षणाशी जोडले गेले.

बिदर-कलबुर्गी पट्ट्यात हे काम विशेष कसोटीचे आहे. 1956 पर्यंत हा मुलूख हैदराबाद राज्यात होता. राज्य पुनर्रचनेत बिदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मराठी मुलखात गेले, तर भालकी, औराद, बसवकल्याण म्हैसूर राज्यात आले. सोयरीक मात्र दोन्हीकडे राहिली. या भागात कैद्याला जामीन मंजूर होतो, पण जामीनदार सापडेपर्यंत दिवस जातात. भाऊ उदगीरला, जमीन भालकीला. जमिनीचा उतारा इकडे पहाणी, तिकडे सातबारा. घरच्यांना तर तो कुठल्या तुरुंगात आहे हेही पुष्कळदा ठाऊक नसते. अशा वेळी उपयोग होतो तो कन्नड, मराठी, दखनी आणि लमाणी कानावर असलेल्या, गावात जाऊन माणूस हुडकणाऱ्याचा. कलमे पाठ असून हे जमत नाही.

2020 मध्ये करोनाच्या साथीने हेच काम अडवले; पण साथ आणि तुरुंग यांचे नाते जुने आहे. अठराव्या शतकात इंग्लंडचे तुरुंग पायाखाली घालणाऱ्या जॉन हॉवर्डने तिथे फाशीपेक्षा तुरुंगतापाने अधिक माणसे मरतात, असे नोंदवले होते. 1790 मध्ये खेरसोन येथे रुग्णांची शुश्रूषा करताना ताप जडून त्याचाच अंत झाला. क्षेत्रकार्यातला धोका म्हणजे काय, हे या विषयाच्या पहिल्या पिढीलाच कळले होते.

भारतातला करोनाचा पहिला मृत्यू कलबुर्गीच्याच रहिवाशाचा होता. सौदी अरेबियाहून परतलेले 76 वर्षांचे ते गृहस्थ 10 मार्च 2020 रोजी वारले. निदान दोन दिवसांनी पक्के झाले. 23 मार्चला सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक राज्याला उच्चाधिकार समिती नेमून गर्दी कमी करण्यासाठी कोणते कैदी तात्पुरते सोडता येतील ते ठरवायला सांगितले. दोनच दिवसांनी देशभर टाळेबंदी लागली, तुरुंगातल्या मुलाखती थांबल्या. मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगाची अधिकृत क्षमता सुमारे 800. मे महिन्यात तिथे कैदी आणि कर्मचारी मिळून शंभराहून अधिकांना लागण झाली.

म्हणजे जामीनदार शोधण्याची, सुटलेल्याला घरी पोचवण्याची, घरच्यांना निरोप देण्याची गरज सर्वाधिक होती, नेमके तेव्हाच विद्यार्थी बाहेर राहिले. विद्यापीठ अनुदान आयोगाने 29 एप्रिल 2020 च्या मार्गदर्शनात क्षेत्रीय पाहणीऐवजी उपलब्ध माहितीवर आधारलेले प्रकल्प द्यायची मुभा विद्यापीठांना दिली. तो निर्णय योग्यच होता. कोणाच्याही मुलाला बराकीत पाठवून साथ पसरवणे गुन्हा ठरला असता. पण बदली म्हणून मिळाले ते अपुरे होते. क्षेत्रकार्याच्या नोंदवहीत खरी किंमत असते ती कैदी बोलताना कुठे थांबला, कोणाचे नाव टाळले, आई भेटायला आली तेव्हा त्याने आधी काय विचारले, अशा नोंदींची. अहवाल वाचून त्या होत नाहीत, फोनवरही क्वचितच होतात.

24 मार्च 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने करोनाकाळात असे सोडलेल्या कैद्यांना पंधरा दिवसांत परत हजर होण्यास सांगितले. ज्या विद्यार्थ्यांचे क्षेत्रकार्य कागदावरच झाले, त्यांना मात्र परत बोलावणारा असा कोणताही आदेश निघाला नाही. विद्यापीठांनी तो आपणहून काढावा. तुरुंगाच्या मुलाखतीच्या खोलीतले काही दिवस या पदवीधरांचे अजून येणे आहेत.