मुठेचा तळ व पुलांचे पाये

पुराच्या नोंदी पाणी कोठवर चढलें हें सांगतात. तळ किती खणला गेला हें क्वचित्. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेत व मागोमाग खडकवासला हीं धरणें फुटून मुठेचा लोंढा वारज्यावरून पुण्यांत शिरला. स्मरणांत राहिली ती पाण्याची उंचीच. पुलाचा घात मात्र पुष्कळदां पायथ्याशीं होतो. खांबावर आदळलेलें पाणी खालीं वळतें, भोंवऱ्यानें वाळू उपसतें. पूर ओसरतांना तोच खड्डा गाळानें बुजतो. म्हणजे पुरावाच नाहींसा! त्यांत धरण गाळ अडवितें, आणि खालीं सुटलेलें निवळ पाणी तळ अधिकच खातें. कातळावरील खांबास हें भय थोडें, गाळांतील खांबास फार. सावित्रीवरील महाडचा १९२८ चा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं पुरांत वाहनांसह गेला. यास्तव बांधकामाचीं जुनीं दप्तरें कोणी रद्दींत घालूं नयेत. पायाची खोली दाखविणारा फाटका नकाशाही आम्ही बखरीच्या शेजारीं ठेवूं.