स्टायल : गिरणीवस्तीचा कुलेतिहास

इंग्लंडच्या चेशर परगण्यातील गाव. बॉलिन नदीकाठी सॅम्युएल ग्रेगने १७८४ मध्ये येथे क्वारी बँक ही सूतगिरणी उभारली. कामगार घराण्यांचा माग १८३७ पासूनच्या जन्म-मृत्यू नोंदणीत आणि दर दहा वर्षांच्या जनगणनेत लागतो. मात्र जनगणनेत जन्मगाव १८५१ पासूनच नोंदलेले आढळते. त्याआधीचा आधार म्हणजे चर्चच्या नोंदवह्या. खरे मोल गिरणीच्या दप्तराचे. त्यात गरीब मुलांना कामाला बांधून घेणारे करारनामे आहेत. शिकाऊ मुलांच्या वसतिगृहातील एस्थर प्राइस १८३६ मध्ये पळून गेली. परतल्यावर तिला कोंडून ठेवण्यात आले. एरवी विस्मृतीत गेल्या असत्या अशा मुली या कागदांमुळेच नावानिशी भेटतात. १९३९ मध्ये गिरणीची मिळकत नॅशनल ट्रस्ट या वारसा जतन करणाऱ्या संस्थेकडे आली.