हुक कशाला धरून आहे?

एसयूव्ही घेतली की महिन्याभरात माणसाला दोन गोष्टींचे वेध लागतात. एक रूफ कॅरिअर, आणि दुसरा पुढे-मागे लाल रंगाचा जाडजूड टो हुक. ऑफिसातल्या एका मित्राने विचारलं, "आम्ही अधूनमधून मढ, अक्सा करतो. गाडी रुतली तर उपयोगी पडेल म्हणून हुक बसवून घेतोय. कुठला घेऊ?" प्रश्न साधा, पण उत्तर शोधताना इतिहासात बरंच आत शिरावं लागलं. आणि गंमत म्हणजे त्यातला एक धागा थेट मढलाच येऊन पोचतो. तर या वीकेंडला तेच.

आधी एक फरक समजून घेऊ. बंद पडलेली गाडी डांबरी रस्त्यावरून गॅरेजपर्यंत ओढत नेणे हे एक काम. रुतलेली गाडी उपसून बाहेर काढणे हे वेगळंच काम. आपण दोन्हीला 'टो करणं' म्हणतो आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो.

पहिल्या कामाचं मूळ तोफखान्यात आहे. जुन्या तोफेच्या गाड्याला दोनच चाकं, आणि शेपूट जमिनीला टेकलेलं. ती न्यायची म्हणजे पुढे आणखी एक दुचाकी गाडा लावायचा. त्या गाड्याला मागे लोखंडी हुक, तोफेच्या शेपटाला कडी. कडी हुकात अडकवली की घोडे किंवा बैल ओढायला मोकळे. वळणावर तोफ मोकळी वळते, आणि शत्रू समोर आला की पटकन सुटते. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर हा इंटरफेस इतका चांगला होता, की घोडे गेले, इंजिनं आली, तरी तो टिकला. १९४१ पासून बनलेल्या विलीज जीपच्या मागे जो हुक दिसतो तो याच घराण्यातला. त्यावर पाव टनी ट्रेलर किंवा ३७ मिलिमीटरची रणगाडाविरोधी तोफ ओढली जायची. मुख्य गोष्ट म्हणजे तो हुक पत्र्याला नव्हे, चासिसच्या मागच्या आडव्या तुळईला बोल्टने बसवलेला होता. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरं काम, म्हणजे रुतलेलं काढायचं. ते पूर्वी काय होत नव्हतं? बैलगाडी चिखलात अडकली की कोणाची तरी जादा जोडी पुढे जुंपायची, चार माणसं चाकाला भिडायची, झालं. पण मोटारी जड झाल्या, लढाया यंत्रांवर होऊ लागल्या, तसं ते शेजारधर्माचं काम न राहता स्वतंत्र धंदा झालं. आणि इथे मढ येतं.

दुसऱ्या महायुद्धात मढला सैन्याला बोटींतून किनाऱ्यावर उतरवण्याचं प्रशिक्षण देणारं केंद्र होतं. शेजारच्या मार्वेला आज नौदलाचा आयएनएस हमला हा तळ आहे, त्याचं मूळही त्याच काळातल्या लँडिंग क्राफ्टच्या प्रशिक्षणात आहे. नाव उगाच 'हमला' नाही! आता किनाऱ्यावर उतरणं म्हणजे काय, जरा डोळ्यांसमोर आणा. बोटीचं पुढचं दार खाली पडतं, त्यावरून गाडी पाण्यात उतरते आणि ओल्या वाळूत शिरते. ती तिथेच रुतली तर मागच्या सगळ्या गाड्या अडकतात. वर भरती थांबत नाही. म्हणजे रुतलेली गाडी ही एकट्या ड्रायव्हरची अडचण न राहता अख्ख्या तुकडीची होते.

ब्रिटिश सैन्याने दुरुस्ती आणि गाड्या काढणे यासाठी ऑक्टोबर १९४२ मध्ये वेगळं दल उभं केलं, आणि त्याची भारतीय शाखा १९४३ मध्ये आली. आपल्या सैन्याचं आजचं ईएमई ते हेच. जून १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर तर वरचा तोफेचा बुरूज काढून टाकलेले शर्मन रणगाडे खास याच कामाला ठेवले होते. खोल पाण्यात उभे राहून ते अडकलेल्या गाड्या ओढायचे, आणि अडकलेली बोट नाकाने ढकलून पुन्हा तरंगवायचे.

या अनुभवातून सैन्याचे ठोकताळे तयार झाले. अमेरिकन सैन्याच्या पुस्तिकांमध्ये ते अगदी सोपे करून दिलेले असतात. गाडी चाकांपर्यंत रुतली तर तिला काढायला तिच्या वजनाइतका जोर धरायचा. मडगार्डपर्यंत गेली तर वजनाच्या दुप्पट. त्याहून वर, केबिनपर्यंत, तर तिप्पट. म्हणजे दोन टनांची एसयूव्ही मडगार्डपर्यंत वाळूत बसली तर चार टन. हाच आकडा आता आजच्या गाडीला लावून बघू.

आपल्याकडे जीप आली ती महिंद्राच्या माझगावच्या जोडणीतून, १९४० च्या दशकाच्या अखेरीस. त्या जीपचा पुढचा बंपर म्हणजे लोखंडी पट्टी, थेट चासिसच्या दोन दांड्यांना बोल्ट केलेली. तिला साखळी गुंडाळून ओढलं तरी ओढ चासिसलाच मिळायची. पुढे बंपर प्लॅस्टिकचे झाले, आणि आजच्या बहुतेक छोट्या एसयूव्हींना तर वेगळी चासिसच नाही, बॉडी हाच सांगाडा. दिसायला जीप, आत कार :) मग ओढायचं कुठून? तर बंपरवरचं छोटं चौकोनी झाकण काढायचं आणि टूलकिटमधली कडी आत आट्यांवर फिरवून बसवायची.

ही कडी किती जोराची? युरोपीय समुदायाने १९७७ साली प्रत्येक मोटारीला पुढे ओढण्याची सोय सक्तीची केली. तिने गाडीच्या कमाल भरलेल्या वजनाच्या निम्मा स्थिर जोर सोसला की झालं. डांबरावर चाकं फिरत असताना हे भरपूर आहे. पण भरून अडीच टन होणाऱ्या गाडीला ही अट सव्वा टनाची, आणि वाळू मागतेय चार टन! कंपन्या अटीपेक्षा थोडं जास्त मजबूत करतही असतील, पण ती कडी बनवली पहिल्या कामासाठी आणि आपण तिला दुसऱ्या कामाला लावतोय.

मग बाजारातला लाल हुक आणू? त्यावर पाच टन लिहिलेलं असतं, आणि हुक स्वतः तितका सोसेलही. प्रश्न मागच्या दोन बोल्टचा आणि ते बोल्ट ज्यात आहेत त्या लोखंडाचा आहे. पातळ पत्र्याला बसवलेला पाच टनी हुक हा पाच टनी नसतो. वेगळी चासिस असलेल्या गाडीत दांड्याच्या मूळच्या भोकांत, ८.८ किंवा वरच्या ग्रेडच्या बोल्टने, शक्यतो दोन्ही दांड्यांना एकेक हुक आणि मध्ये दोरखंडाने ओढ विभागलेली, असं असेल तर ते खरं काम. गाडीखाली जहाजावर किंवा ट्रेलरवर बांधण्यासाठी दिलेल्या कड्या असतात, त्या यासाठी नाहीत. ट्रेलरचा टो बॉल तर अजिबातच नाही. ताणलेला दोर म्हणजे ताणलेली बेचकी. बॉल तुटला तर तो गोळीसारखा सुटतो, आणि अशाने माणसं मेली आहेत.

कायद्याचंही बघा. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने बुलबार मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ विरुद्ध आहेत असं राज्यांना कळवलं. तेव्हा बंपर कापून पुढे काहीतरी अणकुचीदार काढून ठेवण्याआधी दोनदा विचार करा. धडकेत ते पायी चालणाऱ्याला लागतं.

आणि सगळ्यात जुना धडा म्हणजे हुक लागूच न देणे. १९२० च्या दशकाच्या शेवटी राल्फ बॅग्नोल्ड नावाचा ब्रिटिश अधिकारी साध्या फोर्ड गाड्या घेऊन इजिप्तच्या वाळवंटात हिंडायचा. त्याची हत्यारं तीन: टायरमधली हवा कमी करणं, चाकाखाली घालायच्या पोलादी पट्ट्या, आणि फावडं. जोर वाढवण्याआधी त्याने वाळूचा विरोध कमी केला. दुप्पट-तिप्पटचा तो आकडाच खाली आणला म्हणा ना!

मढच्या बाजूला हे जास्तच लागू आहे. मुंबईत मोठ्या उधाणाला पाणी पाच मीटरच्या आसपास चढतं, आणि ओहोटीपासून भरतीपर्यंत साधारण सहा तास. किनाऱ्यावर गाडी रुतल्याच्या आणि भरतीने गाठल्याच्या बातम्या कोकणपट्टीत कुठून ना कुठून येतच असतात. मुळात गाडी वाळूत नेऊच नये, ती जागा माणसांची, होड्यांची आणि जाळ्यांची. पण अडकलातच, तर पाणी वर येताना बघून घाईघाईने दोर लावला जातो आणि चार मदतीला आलेली माणसं त्या दोराच्या रेषेत उभी राहतात. हुक कशाला धरून आहे, हे त्या वेळी त्यांच्यापैकी कोणालाच माहीत नसतं. ते घरी, जॅक लावून, गाडीखाली टॉर्च मारून आधीच बघून ठेवायची गोष्ट आहे.